गाजर, गूळ आणि दीड टन बर्फ

वाचक भगिनीचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

“सप्रेम नमस्कार. आम्ही अमेरिकेत बफेलो शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात राहतो. आमचा हा येथील दुसराच हिवाळा. गेल्या आठवड्यात सलग दोन दिवस बर्फ पडला, मुलीच्या शाळेला सुट्टी मिळाली आणि माझे कार्यालयही बंद राहिले. पहिला अख्खा दिवस मी खिडकीत बसून काढला आणि डोक्यात एकाहून एक पोरकट विचार येत राहिले. दारातली गाडी बर्फाखाली गेली, तेव्हा ती मला रवंथ करत बसलेली पांढरी म्हैस वाटली आणि या गावाला बफेलो हे नाव त्यामुळेच पडले असावे, असे मनात येऊन मी एकटीच हसत राहिले. संध्याकाळी पतीने विचारले, ‘दिवसभर केलेस काय?’ मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून टोचणी लागली आहे. माझे वय 38 आहे. घरात 6 वर्षांची मुलगी आणि वाईहून आलेल्या सासूबाई आहेत. त्या दिवसभर मोबाइलवर मालिका पाहतात आणि दर तासाला ‘हे कधी संपायचे गं?’ असे विचारतात. त्यात बर्फाच्या बाहुल्याला नाक म्हणून गाजर लावण्यावरून आजी-नातीचे वाजले. अन्नाची अशी नासाडी करायची नाही, असे सासूबाईंचे म्हणणे. माझे हे वागणे बालिश आहे का? आणि असे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून काय करावे?”

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तुमची म्हैस मला फार आवडली. बफेलो हे नाव कशावरून पडले याबद्दल तिथल्या जाणकारांतही एकमत नाही, त्यामुळे तुमची उपपत्ती त्या रांगेत उभी करायला काहीच हरकत नाही. आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. होय, हे विचार बालिश आहेत, आणि त्यावर औषध करण्याची गरज नाही. तुमच्या पत्रात मला खटकले ते वेगळेच आहे. घरात आणखी तीन माणसे असताना तुम्ही ‘एकटीच हसत राहिले’ असे लिहिले आहे. म्हैस दिसली तेव्हा सासूबाईंना खिडकीशी बोलावले असते, तर संध्याकाळच्या त्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस घरातच तयार झाले असते. गाडीत म्हैस दिसणे आणि ती कोणती, पंढरपुरी की मुऱ्हा, हे ठरवणे यांत वाईच्या बाई तुमच्यापेक्षा नक्कीच सरस निघाल्या असत्या.

बर्फाकडे पाहत बसून निरुपयोगी विचार करण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मोठी माणसे आहेत. योहानेस केप्लर हा ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा खगोलशास्त्रज्ञ प्राग शहरात सम्राटाच्या पदरी गणिती होता. आपल्या आश्रयदात्या मित्राला नववर्षाची भेट काय द्यावी, या विवंचनेत तो पूल ओलांडत असताना त्याच्या अंगरख्यावर बर्फाचे कण पडले, आणि लॅटिन भाषेत बर्फाला ‘निक्स’ म्हणतात व जर्मन बोलण्यात ‘काहीच नाही’ याचा उच्चार जवळपास तसाच होतो, ही कोटी सुचून तो हरखला. खिसा रिकामा असलेल्या माणसाने द्यायला याहून चांगली भेट कोणती? मग त्याने 1611 साली एक छोटी पुस्तिका लिहून हे ‘काहीच नाही’ मित्राला अर्पण केले. बर्फाच्या प्रत्येक कणाला सहाच कोपरे का, पाच किंवा सात का नाहीत, एवढाच तिचा विषय. त्या नादात तो मधाच्या पोळ्यावर गेला, डाळिंबाच्या दाण्यांवर गेला आणि गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत यावरही गेला. सहा कोपऱ्यांचे कोडे त्याला काही सुटले नाही. पाण्याचे रेणू बर्फात षटकोनी जाळी करून बसतात, हे कळायला पुढे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. मात्र गोळ्यांच्या रचनेबद्दल त्याने जे म्हटले होते, म्हणजे आपला फळवाला संत्र्यांची रास लावतो तीच रचना सर्वांत दाट, त्याची सिद्धता थॉमस हेल्स या गणितज्ञाने 1998 साली मांडली. एका कोटीपासून सुरू झालेला विचार 387 वर्षे चालला. तुमचा तर एकच दिवस गेला आहे.

आता पतिराजांविषयी. त्यांच्या प्रश्नात तुम्हाला टोमणा दिसला. मला त्यात पाठदुखी दिसते. पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, पण गाडीची म्हैस झाली होती त्याअर्थी ती कोणीतरी उकरून काढली असणार, आणि तुम्ही खिडकीत होता. जरा हिशेब करून पाहा. गाडीवाट 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद धरली आणि तिच्यावर 30 सेंटिमीटर बर्फ साचला, तर तो 15 घनमीटर होतो. ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. ढोबळमानाने 10 सेंटिमीटर बर्फ वितळला की 1 सेंटिमीटर पाणी मिळते. या प्रमाणाने त्या बर्फाचे वजन 1,500 किलो भरते. दीड टन माल फावड्याने बाजूला करून घरात आलेल्या माणसाला तुम्ही म्हशीची गोष्ट सांगितली नाहीत हे एका परीने बरेच झाले, कारण ती त्याने उचलून ठेवली होती. पुढच्या वेळी दुसरे फावडे घेऊन बाहेर पडा. दोघांनी मिळून थोडा थोडा बर्फ काढला, पोटभर जेवल्यावर लगेच हे काम केले नाही आणि दर पंधरा मिनिटांनी थांबून पाठ सरळ केली, तर छातीवर ताण कमी येतो; शिवाय त्या थांबण्यात ज्या गप्पा होतात, त्या घरात होत नाहीत.

सासूबाईंच्या ‘हे कधी संपायचे’ या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्या, कारण तो प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर आहे. ईरी सरोवर गोठले की बराचसा संपतो. बफेलोच्या नैर्ऋत्येला हे सरोवर जवळजवळ 390 किलोमीटर लांब पसरले आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचे पाणी अजून कोमट असते, त्यावरून कोरडा थंडगार वारा लांबीच्या दिशेने वाहत आला की तो वाटेत ऊब आणि बाष्प उचलतो, वर चढतो आणि किनारा ओलांडताच सगळे तुमच्या अंगणात ओततो. सरोवरावर बर्फाचे झाकण बसले की वाऱ्याला बाष्प मिळत नाही. पाच महासरोवरांत ईरी सर्वांत उथळ असल्याने ते लवकर गोठते. अर्थात प्रत्येक वर्षी पूर्ण गोठतेच असे नाही, एवढी पुस्ती जोडून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत तुम्हालाच जाब द्यावा लागेल. आणि हे समजावताना वाईचा दाखला द्या. पावसाळ्यात वाईला उघडीप असताना पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की महाबळेश्वर धुक्यात बुडालेले आणि पाऊस कोसळतो आहे, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे. तिथे ते काम सह्याद्री करतो. तुमच्याकडे डोंगराची गरज लागत नाही, ढगांचा एक अरुंद पट्टाच सगळे ठरवतो. नोव्हेंबर 2014 मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील काही उपनगरांत 5 फुटांहून जास्त बर्फ साचला होता, आणि त्याच वेळी काही मैल उत्तरेला जेमतेम काही इंच पडला होता. हे ऐकल्यावर ‘म्हणजे आपण महाबळेश्वरात राहतो म्हणायचे’ असे त्या म्हणाल्या, तर मोबाइल खाली ठेवला गेला असे समजा.

येथून पुढचे सांगताना मी जरा बिचकते आहे, कारण तुम्ही दिवस ‘वाया जाऊ नये’ म्हणून विचारता आहात, आणि मी चार गोष्टी सुचवल्या की तुम्ही त्यांचे वेळापत्रक करून शीतकपाटावर चिकटवाल. तसे करू नका. यातली एखादी गोष्ट हाताशी आली तर करावी, नाहीतर खिडकी आहेच.

भाषेचा एक खेळ आहे, त्याला काहीच साहित्य लागत नाही. आपल्याकडे पावसाला रिमझिम, भुरभुर, झड, संततधार, मुसळधार, वळीव अशी ढीगभर नावे आहेत. बर्फाला मात्र ‘बर्फ’, आणि तोही शब्द फारसीतून आलेला. ‘हिम’ पुस्तकात राहिले आणि ‘हिव’ हा घरचा शब्द हिवाळ्यात आणि हिवतापात तेवढा उरला. ही उणीव भरून काढण्याचे काम आजी आणि नातीवर सोपवा. हातातून भुरभुर निसटणारा कोरडा बर्फ एक, आणि तापमान शून्याच्या आसपास असताना पडणारा, मुठीत दाबला की लाडवासारखा वळणारा बर्फ दुसरा. बाहुला फक्त या दुसऱ्याचाच होतो, हे मुलीला एव्हाना कळले असेल. रात्रीतून वरचा थर पुन्हा गोठून पापुद्रा धरतो, त्याला माझ्या ओळखीच्या एका आजींनी ‘साय’ म्हटले होते आणि तेव्हापासून मला दुसरा शब्द सुचत नाही. थंडी उणे 10 अंशांच्या खाली गेली की तोच बर्फ पायाखाली नव्या वहाणेसारखा करकरतो. वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांना नवे नाव शोधण्याची गरज नाही. त्या गोठलेल्या पागोळ्या आहेत.

दुसरी गोष्ट काळ्या शालीची. एखादे काळे लोकरी वस्त्र पंधरा-वीस मिनिटे बाहेर आडोशाला ठेवून चांगले गार होऊ द्या, मग ते हातावर पसरून पडत्या बर्फात धरा आणि सासूबाईंचे पोथी वाचण्याचे भिंग घेऊन पाहा. शाल गार केली नाही तर कण पडताक्षणी विरघळतो आणि मुलीचा विरस होतो. श्वासही बाजूला सोडायचा. बाहेर उणे 15 अंशांच्या आसपास असेल तर नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटलेल्या सहा हातांच्या चांदण्या मिळतात. उणे 5 च्या सुमारास बारीक सुया पडतात, त्या पाहून निराश होऊ नये, त्याही बर्फाच्याच. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून 15 जानेवारी 1885 रोजी हिमकणाचे आपले पहिले छायाचित्र घेतले, आणि पुढे हयातभर तो हेच करत राहिला. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा आणि निवडलेला कण पिसाने हलकेच सरकवायचा, ही त्याची रीत. त्याने अशी 5,000 हून अधिक छायाचित्रे घेतली. शेतीच्या घरात या उद्योगाचे कौतुक किती झाले असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ही शाल पाहून सासूबाईंना संक्रांतीची काळी साडी आणि तिच्यावरचे हलव्याचे दागिने आठवले नाहीत, तरच नवल. तुमचा बर्फ ऐन जोरात असतो तेव्हाच संक्रांत येते, म्हणून हलवा करायला बसा. मंद आचेवर परातीत तीळ, त्यावर चमचाभर एकतारी पाक, बोटांनी फिरवत राहायचे, वाळला की पुन्हा चमचाभर. हलव्याला काटा थंडीतच चांगला येतो म्हणून बायका पहाटे उठून शेगडीपाशी बसत, हे सासूबाई तुम्हाला मी सांगितले त्याहून चांगले सांगतील. तुम्ही त्यांना एवढेच दाखवा की मधला तीळ जे काम करतो, तेच काम हिमकणाच्या पोटातला धुळीचा सूक्ष्म कण करतो. त्याच्याभोवती बाष्प गोठू लागते आणि जे टोक जरा पुढे आलेले असते त्याला बाष्प अधिक मिळते, म्हणून ते टोक आणखी पुढे जाते. पाकाचे शास्त्र आणि ढगाचे शास्त्र तंतोतंत एकच आहे, असे मी म्हणणार नाही. पण परातीत काटा फुलताना पाहिलेल्या बाईला हिमकण समजायला पुस्तक लागत नाही. मुलीचे बोरन्हाणाचे वय उलटले आहे, हे खरे. तरी दारात उभी करून आजीने तिच्या डोक्यावर ओंजळभर बर्फ ओतला आणि वर चार चुरमुरे टाकले, तर कोणते शास्त्र आडवे येणार आहे?

आता गूळ. तुमच्या भागात आणि सीमेपलीकडे कॅनडातल्या क्विबेकमध्ये मेपल झाडाच्या रसाचा पाक उकळून गरम असतानाच स्वच्छ बर्फावर ओततात आणि तो आवळला की काडीला गुंडाळून खातात. हाच प्रकार चिक्कीच्या गुळावर करून पाहावा. आपण पाक वाटीभर गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहतो. येथे वाटीऐवजी परातभर बर्फ, एवढाच फरक. मऊ गोळी झाली की उतरवा, दाबून बसवलेल्या बर्फावर पळीने रेघा ओढा आणि अर्ध्या मिनिटाने उचला. कडक गोळीपर्यंत थांबलात तर दाताला चिकटेल आणि सासूबाईंच्या कवळीचा खर्च माझ्या नावावर पडेल. बर्फ परसातला, वरच्या थराचा आणि ताजा असावा. रस्त्याकडेच्या बर्फात मीठ असते. पाक ओतताना मुलगी दोन हात लांब उभी राहील, हे मात्र कडकपणे पाहावे.

हे सारे दाराच्या आत आणि परसापुरते आहे, हे वेगळे सांगते, कारण तुमच्या गावाचा बर्फ नेहमीच खेळकर नसतो. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात बफेलो परिसरात 40 हून अधिक माणसे दगावली. काही गाडीत अडकून, काही घराबाहेर गारठून. वाहनबंदी लागू झाली की गुळासाठीसुद्धा दुकानात जायचे नाही. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी नळी घराच्या भिंतीला जमिनीलगत असेल, तर तिच्या तोंडाशी साचलेला बर्फ आधी काढावा, नाहीतर विषारी वायू घरात फिरतो आणि त्याला वास नसतो. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्या धुराच्या नळीचेही तसेच.

मी स्वतः मुलीकडे रॉचेस्टरला दोन हिवाळे काढले आहेत. पहिल्याच महिन्यात, निसर्गाचे फुकटचे शीतकपाट वापरावे म्हणून मी शेवयांच्या खिरीचे पातेले झाकण घालून मागच्या ओट्यावर ठेवले आणि जपमाळ घेऊन बसले. सकाळी ओटाच नव्हता. पातेले चौथ्या दिवशी जावयांच्या फावड्याला लागले, तेव्हा ते ‘आई, सापडली!’ असे ओरडले, आणि शेजारचे गृहस्थ बिचारे कुंपणावरून मदतीला धावून आले. कोणी ‘दिवसभर काय केलेस’ असे विचारले की आमच्याकडे अजून ‘खीर शोधली’ असे उत्तर देतात.

मुलीला आणखी एक विचारा: आदल्या रात्री तिने काय काय केले? तिकडची पोरे शाळेला सुट्टी मिळावी म्हणून रात्रीचे कपडे उलटे घालून झोपतात, उशीखाली चमचा ठेवतात आणि बर्फाचे खडे शौचकूपात टाकून पाणी सोडतात. पाऊस थांबावा म्हणून आपल्याकडे काय काय करतात, ते आजीने सांगावे आणि मग कोणाचा तोडगा जास्त लागू पडतो यावर दोघींनी वाद घालावा. तुमच्या घरात एक चमचा कमी असेल, तर तो आता सापडेल.

राहिले गाजर. सासूबाईंचे म्हणणे खोडून काढू नका, कारण अन्न टाकू नये हे बरोबरच आहे. फक्त ते टाकले जात नाही, एवढे त्यांच्या लक्षात आणून द्या. बाहुल्याचे नाक संध्याकाळपर्यंत टिकते, रात्री कोणीतरी येऊन ते नेते. घरात गोग्रास काढण्याची रीत असेलच, आणि गाय बफेलोच्या उपनगरात मिळायची नाही. तेव्हा गाजर सासूबाईंच्याच हाताने लावून घ्या आणि सकाळी बर्फ कोणी तुडवण्यापूर्वी तिघींनी मिळून बाहुल्याच्या पायाशी उमटलेले ठसे पाहा. खार असो की ससा, मोठे मागचे पाय दोघांचेही पुढच्या पायांच्या पुढे उमटतात, त्यावरून काही कळणार नाही. लहान ठसे पाहायचे. ते शेजारीशेजारी असले तर गाजर खारीने नेले, आणि एकामागे एक असले तर सशाने.